कपाळावरचा के, काचेवरचा एल

मित्रांनो, मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. मोटारीच्या मागे अडकवून ओढत न्यायचं एक चाकांवरचं घर. मला दार आहे, खिडक्या आहेत, शेगडी आहे, दोन चाकंही आहेत. नाही ते फक्त इंजिन. म्हणजे फिरायची सगळी तयारी माझी आणि फिरवायची मर्जी दुसऱ्याची. ही अवस्था तुमच्या घरात आणखी कुणाची आहे का, ते गोष्ट वाचून झाल्यावर बघा.

त्याआधी माझं नाव नीट वाचा. माझ्या कपाळावर निळ्या अक्षरांत लिहिलं आहे : लेर्शे ४९५ के एफ प्लस. लोक ते बघतात आणि औषधाचं नाव वाचल्यासारखा चेहरा करतात. खरं तर अगदी सोपं आहे. लेर्शे म्हणजे जर्मन भाषेत चंडोल पक्षी. जड वस्तूंना उडणाऱ्या पक्ष्यांची नावं द्यायची कारखानदारांना हौसच असते. चारशे पंच्याण्णव ही माझी आतली लांबी, सेंटिमीटरमध्ये. पुढचा ओढायचा दांडा त्यात धरलेला नाही आणि रुंदीबद्दल तर नावात अवाक्षर नाही. के म्हणजे किंडर, जर्मन भाषेत मुलं. ज्या कॅरॅव्हॅनच्या नावात के असतो तिच्या मागच्या भिंतीला एकावर एक असे दोन अरुंद पलंग असतात, प्रत्येकाला आपापली पाटीएवढी खिडकी. एफ म्हणजे फ्रेंच पलंग. हा दोघांचा पलंग कोपऱ्यात कायमचा बसवलेला असतो, आणि जायला यायला वाट हवी म्हणून त्याचा पायाकडचा एक कोपरा छाटलेला असतो. तिथे झोपणाऱ्याला रात्रभर पाय दुमडून घ्यावे लागतात. तो छाटलेला कोपरा दोघांपैकी कुणाच्या वाट्याला येतो, एवढ्यावरून मी जोडप्याची पारख करते. अजून चुकलेली नाही.

राहता राहिला प्लस. प्लस म्हणजे दोन उशा जास्त. माझ्या नावातले आकडे आणि सुटी अक्षरं खरं बोलतात. पूर्ण शब्द तेवढे थापा मारतात. माणसांच्या बोलण्यातही मला पुढे हाच अनुभव आला.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. बोटीत बसून मी आयर्लंडला आले आणि क्लेअर परगण्यातल्या कॉन नावाच्या शेतकऱ्याने मला घेतलं. ते माझे सुखाचे दिवस. दर उन्हाळ्यात कॉन मला जीपला जोडून किल्कीच्या समुद्रावर न्यायचा. त्याचा मुलगा वरच्या पलंगावर, मुलगी खालच्या. भिंतीवर त्यांच्या ओल्या पायांचे वाळूचे ठसे, शेगडीवर सॉसेज, खिडकीबाहेर समुद्र. छाटलेला कोपरा कॉनकडे असायचा, आणि तो माणूस चांगला सहा फूट उंच. येणारे जाणारे म्हणायचे, “कॉन, काय देखणी गाडी आहे रे!” मी मनातल्या मनात पंख फुगवायचे. चंडोलच ना मी.

मग मुलं मोठी झाली. मुलगा सिडनीला गेला, मुलगी बॉस्टनला. ज्यांच्यासाठी माझ्या नावात के होता तीच उडून गेली. कॉनने मला गवताच्या कोठारात ढकललं आणि ताडपत्री घातली. फ्रेंच पलंगावर कोंबड्या बसू लागल्या. त्यांना छाटलेल्या कोपऱ्याची अडचण नव्हती.

अशी वर्षं गेली. आणि दोन हजार वीसच्या जूनमध्ये ताडपत्री निघाली.

समोर चार माणसं उभी होती, तोंडाला मास्क लावलेली. निमिष, त्याची बायको ज्ञानदा, सात वर्षांची मुलगी इरावती, आणि पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, पातळावर लोकरी कोट चढवलेल्या एक आजी. त्या निमिषच्या आई, अलकनंदाबाई. मंडळी शॅननहून आली होती. निमिष तिथल्या औद्योगिक वसाहतीत वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. टाळेबंदी नुकतीच सैलावली होती, परदेशी कुठे जायची सोय नव्हती, आणि देशातल्या देशात फिरावं म्हणून सगळ्यांनाच कॅरॅव्हॅनची स्वप्नं पडत होती.

निमिषने माझ्यावर फोनचा उजेड मारला आणि व्याख्यान सुरू केलं.

“आई, हे बघ. चारशे पंच्याण्णव म्हणजे इंटीरिअर लेंग्थ. के म्हणजे बंक बेड्स. एफ म्हणजे फ्रेंच बेड. यू असता तर मागे गोल बैठक आली असती, ई असता तर दोन सिंगल बेड. मी अडतीस मॉडेल्स कम्पेअर केली. आपल्याला के एफ परफेक्ट आहे. इरा वर, तू खाली, आम्ही पुढे.”

मग तेच सगळं त्याने कॉनलाही इंग्रजीत समजावून सांगितलं. कॉनने शांतपणे ऐकून घेतलं. “असं होय,” तो म्हणाला. “मी आपला इतकी वर्षं पोरांना तिथे नुसताच कोंबत होतो.”

अलकनंदाबाई आत चढल्या. त्यांनी खालच्या पलंगावर तळहात दाबून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, दाराची आतली कडी दोनदा लावून पाहिली. बाई नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर नोकरी केलेल्या. वस्तू वापरून पाहिल्याशिवाय बोलायच्या नाहीत.

“कोंबडीचा वास येऊन राहिला,” त्या म्हणाल्या. “पण कडी चांगली आहे.”

माझी खरेदी झाली. कॉनने मला घासूनपुसून स्वतःच्या जीपला जोडलं आणि शॅननला निमिषच्या भाड्याच्या घरापाशी आणून, बाजूच्या बोळात मागे मागे रेटत नेऊन उभं केलं. एका बाजूला शेजाऱ्यांची राखाडी भिंत, दुसऱ्या बाजूला घराचं स्वयंपाकघर. पुढे फाटक, मागे कुंपण. वर तेवढी आकाशाची एक पट्टी. विमानतळ हाकेच्या अंतरावर, एरवी त्या पट्टीतून विमानं उतरायची म्हणे. तेव्हा पट्टी रिकामी होती.

कॉनने हात पुसले. “आता हिला ओढणार कोण?” त्याने विचारलं.

“मीच,” निमिष म्हणाला. “पंधरा वर्षं गाडी चालवतोय. पुण्यात चालवलेली आहे, म्हणजे कुठेही चालवू शकतो.”

कॉनने निमिषच्या मोटारीकडे पाहिलं. ज्ञानदानेही पाहिलं. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या काचेवर पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर होतं : एल.

मित्रांनो, भारतातला परवाना या देशात बदलून मिळत नाही. पंधरा वर्षं चालवा नाही तर पन्नास, इथे पुन्हा शिकाऊ व्हावं लागतं, शेजारी पक्का परवानेवाला बसवावा लागतो आणि काचेवर एल लावावा लागतो. मोटाररस्त्यावर जायला बंदी, आणि मागे कॅरॅव्हॅन जोडायला तर साफ बंदी. निमिषला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आपण शिकाऊ आहोत हे दिसतच नाही. अडतीस गाड्यांच्या कपाळावरची अक्षरं त्याने वाचली आणि स्वतःच्या काचेवरचं एक अक्षर राहून गेलं.

“निमिष,” ज्ञानदा हळूच म्हणाली, “तू परीक्षा कधी देणार होतास?”

“अगं, टेस्ट्स बंद आहेत सध्या. उघडल्या की लगेच.”

“मला वाटलं, बायकोकडे परवाना असेल,” कॉन म्हणाला. ज्ञानदाकडे तर एलसुद्धा नव्हता. कॉनने मान हलवली. “ग्रँड,” तो म्हणाला आणि निघून गेला. ग्रँड हा इथला सोयीचा शब्द आहे. घराला आग लागली तरी ग्रँडच म्हणतात.

अशी मी बोळात अडकले. मी एकटी नव्हते, हे हळूहळू कळलं.

अलकनंदाबाई जानेवारीत आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. त्यांच्या पासपोर्टावरच्या व्हिसावरही एक अक्षर होतं : सी. सी म्हणजे थोड्या मुक्कामाचा पाहुणा. मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि सरकार दर थोड्या दिवसांनी पाहुण्यांची मुदत आपणहून वाढवू लागलं. माझ्यावर के आणि आत एकही मूल निजत नाही. बाईंच्या पासपोर्टावर सी आणि मुक्काम काही संपत नाही. मोटारीवर एल आणि मालक काही शिकत नाही. एका अंगणात तीन अक्षरं, आणि तिन्ही जागच्या जागी थिजलेली.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ज्ञानदाची मीटिंग, दुसरीत इरावतीची शाळा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर निमिष. बाईंना जागा उरायची ती जिन्याच्या पायरीवर. त्यांनी कुकर लावला की दुसऱ्या शिटीला निमिष धावत यायचा, “आई, कॉलवर आहे ना मी!” मिक्सर जेवणाच्या सुट्टीतच. पूजेची घंटा तर बंदच झाली. बाई देवापुढे नुसताच हात हलवायच्या. त्यांना राग आलेला मी पाहिला नाही. पण एक दिवस त्यांनी आपली उशी, देवांचा डबा आणि डाळिंबी रंगाची शाल उचलली आणि सरळ माझ्यात येऊन खालच्या पलंगावर बसल्या. वरच्या पलंगावर देव मांडले. घंटा जोरात वाजवली.

त्या दिवसापासून मी त्यांची खोली झाले. दिवसभर बाई माझ्यात, रात्री इरावतीच्या खोलीत. बाईंचा पलंग मुलाच्या मापाचा, म्हणून कूस बदलताना आधी उठून बसायच्या. पण कुकरला मात्र मनसोक्त शिट्या. दुपारी शाळा आटोपली की इरावती यायची. ती इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत. दोघींचं कुठेही अडायचं नाही.

“आजी, व्हेन आर वी गोइंग टू द सी?”

“तुझ्या बापाले विचार.”

बाप म्हणायचा, “टेस्ट झाली की.”

आणि रोज सकाळी बाईंचा फोन नागपूरला. धाकटी बहीण माधवी तिथे एकटी होती. दोघी बहिणी एकाच घरात राहणाऱ्या, तिथे दोघींना एकमेकींशिवाय दुसरं कुणी नाही. बाई ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या. किती वेळ बोलायला मिळतं याची सवय अंगात मुरलेली. तीन मिनिटं झाली की आपणहून म्हणायच्या, “ठेवतो आता, माधवे.” पलीकडून माधवीबाई ओरडायच्या, “अगं अलके, आता फुकट आहे ते! बोल ना!” तरी फोन ठेवला जायचाच.

ऑक्टोबर आला आणि पुन्हा टाळेबंदी लागली. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं. विमानं मात्र आता सुरू होती, दोन थांबे घेऊन का होईना. बाईंनी विषय काढला. निमिष माझ्या दारात उभा होता, हातात कॉफीचा मग.

“निमू, माधवीचा गुडघा लय दुखून राहिला. मी जातो म्हणते आता.”

“आई, अशी कशी जाशील? आयर्लंडला आलीस आणि शॅननच्या सुपरमार्केटशिवाय काही पाहिलं नाहीस. ही कॅरॅव्हॅन कुणासाठी घेतली? तुझ्यासाठी. टेस्ट होऊ दे. तुला सगळीकडे फिरवतो, मग खुशाल जा.”

बाईंनी माझ्या भिंतीवरून हात फिरवला. मुलगा हौसेने म्हणतोय, मोडायचं कसं?

डिसेंबरात हेच. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हाही हेच. मित्रांनो, कुणाला अडकवून ठेवायचं असेल तर दार बंद करावं लागत नाही. ‘तुझ्यासाठीच तर घेतलंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. माणूस उंबऱ्यावरच थांबतो. त्या हिवाळ्यात मी त्यांची खोली होते आणि त्यांचं कुलूपही मीच होते. माझ्या छतावर शेवाळ चढलं. चाकं एकाच बाजूवर उभी राहून तिथे चपटी झाली. त्यांना महिन्यातून एकदा थोडं फिरवावं लागतं, नाही तर ती आकार विसरतात. कुणी फिरवली नाहीत.

माझ्या कानावर मात्र सगळं यायचं. घरात एकांत नाही म्हणून ज्ञानदाही अधूनमधून मोबाइल घेऊन माझ्यात यायची आणि पुण्याला आईशी बोलायची. “आईंमुळे चाललंय गं सगळं. त्या गेल्या तर इराचं काय करू? नोकरी सोडावी लागेल मला. निमिष काहीतरी करून थांबवतोय त्यांना.” मग डोळे पुसून पुन्हा मीटिंगला. तीही आपल्या जागी अडकलेलीच होती. या घरात वाईट माणूस शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

एप्रिल आला. टीव्हीवर भारतातल्या दुसऱ्या लाटेच्या बातम्या दिसू लागल्या, आणि एका सकाळी माधवीबाईंच्या फोनवरच्या आवाजात खोकला आला. तीन मिनिटं झाली. पाच झाली. बाईंनी फोन ठेवला नाही.

“ताप किती आहे? खरं सांग.”

“अगं थोडा आहे. शेजारचे गिरीशभाऊ दारात डबा ठेवून जातात. तू नको घाबरू.”

“दारातला डबा उचलाले तरी जाता येते का तुले?”

पलीकडे नुसता खोकला.

पुढचे दोन आठवडे बाई फोन उशाशी घेऊन माझ्यातच राहिल्या. तेव्हा जाणं कुणालाच शक्य नव्हतं, ते त्यांनाही समजत होतं. वरच्या पलंगावरच्या देवांना त्या काय म्हणायच्या, ते मी सांगणार नाही. माधवीबाई वाचल्या. पण आवाज असा झाला की वाऱ्याने कागद हलावा. एका दमात ‘अलके’सुद्धा पुरं होईना.

मे महिन्यात रस्ते उघडले आणि कॉन मला बघायला आला. निमिष आणि ज्ञानदा घरात आपापल्या कॉलवर होते. बाईंनी त्याला माझ्या पायरीवर बसवून चहा दिला. बाईंचं इंग्रजी एक्स्चेंजमधलं, थोडं आणि स्वच्छ. कॉनने माझ्या चाकाला बुटाने टोकरलं आणि नाक मुरडलं.

“हललीच नाही का ही?”

“मुलाची परीक्षा व्हायची आहे,” बाई म्हणाल्या. “तारीख मिळत नाही.”

“तारीख?” कॉनने कप खाली ठेवला. “माझी पुतणी त्याच्याच कंपनीत आहे. वैद्यकीय माल बनवणाऱ्यांना आधी तारीख देतात. कंपनीने सांगायचं, की मिळाली. हिवाळ्यातच पास झाली पोरगी. तुमच्या मुलाने विचारलं नसेल.”

बाईंनी कॉनला आणखी एक कप चहा दिला. तो गेल्यावर कप विसळून ठेवले. मग माझं दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.

जेवायच्या वेळी निमिष आला. दार उघडेना म्हणून ठोठावलं.

“आई, जेवायला चल.”

“नाही येत.”

“बरं नाहीये का? दार उघड.”

“उघडीन. विमानतळावर जाचं असलं की उघडीन.”

“आई, प्लीज. लोक बघताहेत.”

“पाहू दे. दीड वर्षात इथं पाहाण्यासारखं दुसरं काही झालं नाही.”

खरंच समोरच्या घराचा पडदा हलला होता. निमिषने आवाज खाली आणला. “काय झालं, सांगशील का?”

“तू परीक्षा काऊन नाही दिली?”

“आई, डेट्स नव्हत्या. किती वेळा सांगू?”

“निमू, पस्तीस वर्षं मी कानाले हेडफोन लावून बसली. लाइन खराब आहे का माणूस खोटं बोलून राहिला, हे मले ‘हॅलो’ म्हणताच कळते. तुझ्या वेळी मी कान बंद केले, तेवढंच.”

निमिष माझ्या पायरीवर बसला. तो बसला तेव्हा मी एका बाजूला किंचित कलले, इतका जड झाला होता तो. ज्ञानदाही बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“टेस्ट झाली असती तर ट्रिप झाली असती,” तो म्हणाला. “आणि ट्रिप झाली असती तर तू गेली असतीस.”

आतला पलंग करकरला.

“आई, तुम्ही गेलेलं मलाही नको होतं,” ज्ञानदा म्हणाली. “शाळा बंद, इरा घरी, मला काही सुचत नव्हतं. एकट्या निमिषचा दोष नाही.”

“मग तसं म्हणाचं ना बाई,” अलकनंदाबाईंचा आवाज आता खिडकीजवळून आला. “‘आई, थांबा, माझं अडून राहिलं,’ एवढंच म्हणाचं. मी थांबली असती. माधवीले फोन करून सांगितलं असतं का पोरीचं अडलं आहे, एवढा हिवाळा काढ. तिनं काढला असता. नसता काढता आला तर तसं बोलली असती. तुम्ही तिले विचारू देलं नाही, मले विचारू देलं नाही. आणि वर म्हणता तुले फिरवतो! मी कधी म्हटलं, मले फिराचं आहे?”

शेजारच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला आणि वातावरण बघून उडून गेला.

तेवढ्यात माझ्या मागच्या बाजूला खडखड झाली. इरावतीने बादली उपडी घातली होती आणि ती वर चढून खालच्या पलंगाच्या पाटीएवढ्या खिडकीत डोकावत होती.

“आजी, आर यू लॉक्ड इन?”

“नाही ग. कडी मी लावली.”

इरावतीने विचार केला. “सो यू कॅन ओपन इट?”

“हो. पाहिजे तेव्हा.”

“अह्, देन यू आर ग्रँड,” असं म्हणून ती बादलीवरून उतरली आणि सायकल चालवायला निघून गेली.

आत अलकनंदाबाई हसू लागल्या. हसता हसता शालीने डोळे टिपले. मग कडी काढली, पण बाहेर आल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तिकीट काढ, निमू. आणि परीक्षाही दे. माझ्यासाठी नको. त्या पोरीले समुद्र पाहाचा आहे.”

निमिषने कंपनीत विचारलं. कॉन म्हणाला होता तसंच झालं. जूनमध्ये परीक्षा झाली आणि निमिष पास झाला. एल निघाला आणि त्या जागी एन लागला, म्हणजे नवशिक्या. या देशात काचेवरचं अक्षर एकदम सुटत नाही, आधी बदलतं. ज्ञानदाने दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी शिकाऊ परवान्याचा अर्ज केला. बाईंचं तिकीट डब्लिनहून निघालं. शॅननच्या विमानतळाला खेटून दीड वर्ष काढलं आणि विमान शेवटी डब्लिनचंच.

“बसने सोडतो तुला,” निमिष म्हणाला. त्या दिवसापासून तो फार जपून बोलायचा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “ही काऊन नाही? इतके दिवस उभी राहिली माझ्यापायी. हिलेही थोडं चालू दे.”

निघायच्या दिवशी मी हलेना. ब्रेक गंजून चाकाला धरून बसले होते. कॉनला बोलावलं. त्याने नवे टायर चढवले, मग हातोडा घेऊन ब्रेकवर दणके दिले, आणि पाचव्या की सहाव्या दणक्याला माझ्या पोटातून अशी किंकाळी निघाली की समोरचा पडदा पुन्हा हलला. फाटक उघडलं. माझ्यावरून वारा वाहू लागला. मित्रांनो, अडकलेल्याला सुटल्याचा पहिला क्षण सुखाचा वाटत नाही; सगळे सांधे ओरडतात. सुख दोन मैलांनंतर येतं.

वाटेत एका तळ्याकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कात मुक्काम केला. देव डब्यात गेले आणि वरच्या पलंगावर इरावती चढली. खाली आजी. माझ्या कपाळावरचा के कित्येक वर्षांनी खरा झाला. पुढच्या पलंगावर छाटलेला कोपरा निमिषने घेतला. मी नोंद केली. वरून एक हात लोंबत खाली आला आणि खालून एका हाताने तो धरला. 

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या वाहनतळापाशी उंचीचा आडवा दांडा निघाला. मी त्याखालून जाईना. माझ्या नावात उंचीही लिहिलेली नाही, आणि निमिषने तीही पाहिली नव्हती. शिवाय आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते. तेव्हा निरोप माझ्याच दारात झाला, विमानतळाबाहेरच्या एका मोकळ्या पट्ट्यावर. मोटारीपासून मला सोडवलं. बाईंनी कडी एकदा लावली, एकदा काढली.

“येतो,” त्या ज्ञानदाला म्हणाल्या. “अडलं तर बोलवा. सरळ बोलवाचं.”

“आई, बोलावलं तर याल?”

“माधवीले घेऊन येईन. वरचा पलंग रिकामाच आहे.”

“दॅट्स माइन!” इरावती ओरडली, आणि मग तिला रडू कोसळलं. आजीने तिला पोटाशी धरलं, किती वेळ ते मोजायला बाई स्वतःच विसरल्या. मग निमिष त्यांना मोटारीतून घेऊन गेला.

मी, ज्ञानदा आणि इरावती तिथेच थांबलो. डोक्यावरून विमानं जात होती. प्रत्येकाच्या पोटाखाली मोठमोठी अक्षरं लिहिलेली. मी वाचायचा फार प्रयत्न केला. त्यातलं बाईंचं कोणतं, मला अक्षरांवरून कळलं नाही. इरावतीने सगळ्यांनाच हात केला.

आता मी पुन्हा बोळात उभी आहे. ऑगस्टमध्ये किल्कीला जाऊन आले. समुद्र होता तिथेच आहे. नागपूरहून फोन येतो तेव्हा इरावती तो माझ्यात आणून घेते. पलीकडे दोन बहिणी एका पडद्यात मावायची धडपड करतात, आणि माधवीबाई आता एका दमात ‘कशी आहेस ग इरा’ एवढं पुरं म्हणतात. अलकनंदाबाई न चुकता विचारतात, “निमू, चाकं फिरवली का?” तो दर महिन्याला फिरवतो.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या दारात एखादी गाडी उभी असेल तर तिची चाकं अधूनमधून फिरवत जा; आणि घरात कुणी पाहुणं म्हणून आलेलं, अडकून राहिलेलं माणूस असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. माझ्या नावात आत किती लांब जागा आहे ते लिहिलेलं आहे. आत कुणी किती दिवस राहायचं, ते कुठल्याही अक्षरात लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं.